खालच्या फांदीवरची पंगत

ठवकरबाई फाटकाशी उभ्या राहून म्हणतात,
"भाऊ, सांभार आहे घरी, गोडलिंबच संपला.
दोन काड्या तोडू का जी?"
मी म्हणतो, वरच्या फांदीच्या तोडा.
खालच्या फांदीवर पंगत बसली आहे.

त्या वाकून बघतात.
"अगंबाई, ही तर पाखराची घाण!"
तसंच दिसायचं असतं त्यांना.
पहिले काही दिवस
कोणाच्या डोळ्यांत भरू नये,
एवढीच त्यांची कमाई.

इतवारीत तीस वर्षं माझं औषधाचं दुकान होतं.
औषध म्हणायचो. बाटलीवर लाल त्रिकोण असायचा.
काटोल-कळमेश्वरचे बागाईतदार
पिशवीतून संत्र्याची फांदी आणायचे,
काउंटरवर ठेवायचे, पुरावा ठेवावा तशी.
हीच अळी.
हिरवी, गुबगुबीत, मानेजवळ खोटे डोळे,
बोट लावलं की डोक्यामागून
केशरी शिंगं बाहेर काढणारी.
"मले भेव दाखवते लेकाची,"
नत्थूजी मानापुरे हसायचे,
"जोरदार द्या काही."
मी जोरदार देत असे.
पंपाला किती झाकणं, हे तोंडपाठ.
पुढे तिचं काय होतं
हे बाटलीवर छापलेलं नसायचं,
आणि मी विचारलं नाही.

आता मानेवाड्याच्या या घरात
आश्विन लागला की कूलर रिकामा होतो.
वाळ्याच्या ताट्या काढल्या, मोटर पुसून माळ्यावर.
शेहेचाळीस अंशांशी भांडून थकलेल्या
त्या पत्र्याच्या खोक्याला
मी तिन्ही बाजूंनी मच्छरदाणी शिवली.
रात्री दिवा मालवून कान लावला
तर पानं कुरतडल्याचा आवाज येतो.
बायको म्हणते, कान तपासून घ्या.

फांदी पाण्यात ठेवायला
दुकानातलं जुनं माप घेतलं होतं,
मिलिलिटरच्या रेघा असलेलं.
सोडा घालून सात वेळा धुतलं.
तरी पहिल्या तिघी काळ्या पडल्या,
एका दुपारीत.
मापामुळे, की माझ्या हातांमुळे,
कोणाला विचारणार?
आता पितळी पेला वापरतो.
माप फेकलं नाही.
न्हाणीच्या दाराशी खिळ्याला टांगलंय.

वाढलेली अळी एक दिवस जेवण सोडते.
खोकंभर येरझारा घालते,
मग खांबावरच्या लाइनमनने पट्टा बांधावा
तसा कमरेला एकच धागा बांधून
मागे रेलते.
दुसऱ्या दिवशी तिथे वाळकं पान.

एका कोषातून फुलपाखरू आलंच नाही.
बाजूला बारीक छिद्र पडलं,
चिलटाएवढ्या काळ्या माश्या निघाल्या,
एकामागून एक, घाईघाईत.
मी चापट मारायला हात उचलला.
बराच वेळ तो तसाच वर होता.
मग मच्छरदाणीची एक बाजू उघडली.

मंगळवारी, दूधवाला यायच्या आधी,
दुसरा कोष उकलला.
पंख ओले, चुरगळलेले,
पिळून ठेवलेल्या ओढणीसारखे.
मी मोडा ओढून बसलो.
चहा दोनदा गार झाला.
काळ्यावर पिवळे ठिपके
हळूहळू आपापल्या जागी गेले,
खाली दोन विटकरी टिकल्या.
ते माझ्या अंगठ्यावर चढलं,
त्याच अंगठ्यावर, ज्याने मी
हजारो बाटल्यांची सीलं फोडली.
काही वाटलं असेल त्याला, तर बोललं नाही.
ठवकरांच्या पाण्याच्या टाकीवरून गेलं.
पुढे काटोलच्या बाजूला वळलं की उमरेडच्या,
मी पाहिलं नाही. मुद्दाम.

संध्याकाळी ठवकरबाई पुन्हा फाटकाशी.
"भाऊ, आमच्या कुंडीतल्या लिंबावरही
पाखराची घाण दिसते.
म्या धुतली नाही. येऊन पाहता का?"
चष्मा घेऊन गेलो, बॅटरी लावली, वाकलो.
ती खरीच पाखराची घाण होती.

तरी आम्ही दोघांनी ती
राहू दिली.